एका शब्दाने गिळलेले गिरणगाव

वृत्तपत्राचे पहिले पान हल्ली बातमीने क्वचितच उघडते. ते उघडते जाहिरातीने. निळ्या काचेचे गगनचुंबी मनोरे, पायथ्याशी हिरवळ, हिरवळीवर धावणारे एक गोंडस मूल, आणि वर ठळक अक्षरांत आश्वासन की घर, कार्यालय, बाजार, शाळा, दवाखाना, करमणूक, सारे काही एकाच आवारात, पायी अंतरावर! या कल्पनेला विकासकांच्या परिभाषेत 'मिक्स्ड यूज टाऊनशिप' म्हणतात. आपण तिला संमिश्र वापराची नागरी वसाहत म्हणू. जाहिरातीच्या तळाशी पत्ता असतो तो लोअर परळचा, वरळीचा, प्रभादेवीचा, भायखळ्याचा. परळ हा शब्द श्रीमंत ग्राहकाच्या कानाला बोचेल या भीतीने काही दलालांनी लोअर परळचे 'अप्पर वरळी' असे नवे बारसेही उरकून घेतले. बारशाला अर्थातच परळकरांना कोणी बोलावले नव्हते.

ज्या वस्तूची ही जाहिरात आहे, ती वस्तू त्याच जागेवर शंभर वर्षे नांदत होती. तिचे नाव होते गिरणगाव.

१८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि ताडदेवला ती गिरणी उभी राहिली. पुढच्या काही दशकांत ताडदेवपासून शिवडीपर्यंत आणि भायखळ्यापासून दादरपर्यंत चिमण्यांचे रान उगवले. रत्नागिरी-सिंधुदुर्गाचा कोकणी, सातारा-कोल्हापूरचा घाटी, तेलंगणातला पद्मशाली, उत्तरेकडचा विणकर असा सारा हिंदुस्थान या रानात पोटासाठी आला. गिरणीच्या भोंग्याबरोबर घराबाहेर पडून साच्यावर वेळेत उभे राहता यावे म्हणून चाळी गिरणीच्या कुंपणाला खेटून उभ्या राहिल्या. चाळीखाली वाण्याचे दुकान, पिठाची गिरणी, हॉटेल, न्हाव्याचे दुकान. गल्लीच्या तोंडाशी मारुतीचे देऊळ, मागे तालीम. एकट्या राहणाऱ्या कामगाराला खानावळ. गावकऱ्यांनी मिळून घेतलेली गावकीची खोली. तिच्यात पाळ्यांप्रमाणे झोपणारी माणसेही पाळीपाळीने बदलत. रात्रपाळी संपवून आलेला माणूस दिवसपाळीला गेलेल्याच्या वळकटीवर पाठ टेकी. 'वॉक टू वर्क' हा मंत्र आज अमेरिकेतून आयात करणाऱ्यांनी हे एकदा समजून घ्यावे. परळच्या कामगाराला रेल्वेचा पास काढावा लागत नसे.

आणि करमणूक? लालबागच्या गणेश गल्लीत १९२८ पासून गणपती बसतो. लालबागचा राजा १९३४ चा. दामोदर नाट्यगृहात कामगारांची नाटके होत. दहा तास यंत्राशी झटून आलेली माणसे तिथे तोंडाला रंग लावून उभी राहत आणि समोर बसलेली तशीच माणसे त्यांना दाद देत. शंभरी गाठलेले ते नाट्यगृहही २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले. शाहिरी, भजनी मंडळे, दशावतार, नमन, कबड्डीची मैदाने यांपैकी एकाही गोष्टीसाठी कोणा वास्तुविशारदाला शुल्क द्यावे लागले नव्हते.

माझी एक मावशी परळला खानावळ चालवी. काका गिरणीत बदली कामगार. काम लागले तर पगार, नाही तर नाही. घर चालत असे ते मावशीच्या पोळपाटावर. दहा बाय बाराच्या खोलीत बारा-चौदा जण दोन पंगतींत जेवत, आणि महिनाअखेर हिशेब होई तो वहीपेक्षा विश्वासावर अधिक. अशा खानावळवाल्या बायांना सावकाराच्या पाशातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्यांची वैचारिक वाट आमच्या वाटेहून वेगळी. पण काम मोठे, आणि मोठ्या कामाला मोठे म्हणण्यात कसला आला संकोच? सांगायचे ते इतकेच की गिरणीबरोबर हजारो स्त्रियांचा असा उद्योग उभा होता. पुनर्वसनाच्या कोणत्याही यादीत त्यांची नावे कधी आली नाहीत, कारण त्या कोणाच्या हजेरीपटावर नव्हत्या.

गिरणगाव म्हणजे नंदनवन होते, असे कोणी म्हणत नाही. खोल्या कोंदट होत्या, शौचालये सामाईक होती, कापसाचे तंतू छातीत जाऊन खोकणारी माणसे प्रत्येक मजल्यावर होती. ते तसेच ठेवायला हवे होते, असा आमचा आग्रह मुळीच नाही. प्रश्न एवढाच की जेव्हा ते बदलायची वेळ आली, तेव्हा ते कोणासाठी बदलले?

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. तो विझत गेला. त्या विनाशाचे वाटेकरी अनेक. माघारीचा रस्ता न ठेवता सेना रणात उतरवणारे नेतृत्व त्यात आहे. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याच्या आधाराने एकाच मान्यताप्राप्त संघटनेची मक्तेदारी कामगारांच्या माथी मारणारे काँग्रेसी राज्यकर्ते आहेत. आणि नफ्याच्या काळात यंत्रे न बदलता तो पैसा अन्यत्र वळवणारे मालकही आहेत. लाल बावटा आणि तिरंगी टोपी यांच्या भांडणात भरडला गेला तो मात्र साचेवाला. गावी परत गेलेल्यांची मोजदाद कोणी ठेवली नाही. मुलांच्या शाळा सुटल्या. काही मुलांच्या हाती काय आले, ते मुंबईच्या पोलीस ठाण्यांना पुढची पंधरा वर्षे ठाऊक होते.

याच काळात मालकांना एक साक्षात्कार झाला. कापडापेक्षा कापड विणले जाते ती जमीन अधिक मोलाची आहे! सुमारे साठ गिरण्या, सुमारे सहाशे एकर जमीन, आणि तीही बेटाच्या ऐन मध्यावर, दोन रेल्वेमार्गांच्या मधोमध. ही जमीन महाग कोणी केली? मालकांनी? तिथपर्यंत रेल्वे आणली सरकारने. पाणी, गटारे, रस्ते आणले महापालिकेने. काही जमिनी तर दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर, उद्योगासाठी म्हणून दिलेल्या. आणि त्या परिसराला वस्तीचे रूप दिले ते तीन पिढ्यांच्या घामाने. दत्तोपंत ठेंगडी उद्योगाच्या श्रमिकीकरणाची मांडणी करीत, तेव्हा त्यांचे म्हणणे साधे होते. भांडवलदार पैसा घालतो, कामगार श्रम घालतो. म्हणून श्रमही भागभांडवलच आहे. गिरणगावाच्या जमिनीइतका या विचाराचा चोख पुरावा दुसरा नसेल.

गंमत अशी की हे तत्त्व, त्याचे नाव न घेता, शासनाच्या कागदावर एकदा आलेही होते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ वा नियम असा होता की गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने तिचे तीन वाटे करायचे. एक वाटा महापालिकेला, मैदाने व उद्यानांसाठी. दुसरा म्हाडाला, सार्वजनिक घरांसाठी. तिसरा मालकाला, तो त्याने विकावा, बांधावा, काय हवे ते करावे. हा नियम परिपूर्ण नव्हता, पण न्याय्य होता. खरीखुरी संमिश्र वसाहत त्यातून उभी राहू शकली असती. मैदान, कामगाराचे घर आणि मालकाचा मनोरा शेजारी शेजारी.

मग २००१ साल उजाडले. राज्यात काँग्रेस आघाडीचे सरकार, मुख्यमंत्री विलासराव देशमुख. मार्च महिन्यात या नियमात दुरुस्ती झाली, आणि वाटणीच्या वाक्यात 'मोकळी जमीन' अशी मर्यादा आली. म्हणजे जी जमीन आधीपासूनच रिकामी आहे तिचेच तीन वाटे. जिच्यावर इमारत, शेड, गोदाम उभे आहे ती सारी मालकाची. इमारत पाडली तरी मालकाचीच!

हा किती निष्पाप शब्द वाटतो! पण ज्याने कापड गिरणी आतून पाहिली आहे, त्याला यातली मेख तत्काळ कळेल. विणाईखाते एकमजली असते. करवतीच्या दातांसारख्या छपराखाली ते एकरच्या एकर पसरलेले असते. त्याखेरीज कताईच्या इमारती, रंगखाते, बॉयलर, गोदामे, कचेरी. गिरणीच्या आवारात मोकळे असे उरतेच किती? आपण हिशेबासाठी चोवीस एकरांची एक गिरणी कल्पू. १९९१ च्या नियमाने आठ एकर शहराला, आठ एकर घरांना, आठ एकर मालकाला. आता त्या चोवीसपैकी अठरा एकरांवर बांधकाम आहे असे धरा. २००१ नंतर वाटणी फक्त उरलेल्या सहा एकरांची. शहराला दोन, घरांना दोन, आणि मालकाला? वीस! कोणाच्या जमिनीवर दरोडा पडला नाही, कुठे कुलूप तुटले नाही. एका विशेषणाने काम झाले.

सरकारचा युक्तिवादही ऐकून घेतला पाहिजे. दहा वर्षांत मालक पुढे येत नव्हते, जमिनी अडकून पडल्या होत्या, कामगारांची देणी थकली होती. म्हणून सवलत द्यावी लागली, असे सांगितले गेले. हे अर्धसत्य आहे. मालक पुढे येत नव्हते, कारण आज ना उद्या नियम वाकेल याची त्यांना खात्री होती. जो ऋणको थांबला तर व्याज माफ होते हे जाणतो, तो कर्ज कशाला फेडील? देणी वसूल करायला शासनाच्या हाती कायदे होते. ते म्यानात ठेवून नियमच मोडीत काढला गेला.

एका पर्यावरणवादी संस्थेच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये निकाल दिला की पाडकामानंतर मोकळी होणारी जमीनही मोकळीच मानली पाहिजे. गिरणगावाने पाच महिने श्वास घेतला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. न्यायालयाचा आदर राखून एवढेच म्हणतो की न्यायालयाने नियमाची वैधता तपासली. तो नियम शहाणपणाचा होता का, हे पाहण्याची जबाबदारी राज्यकर्त्यांची होती, आणि त्यांनी ते पाहिले नाही.

दरम्यान २००५ मध्येच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने आपल्या गिरण्यांचे लिलाव केले. मालक म्हणजे साक्षात भारत सरकार; इथे तरी लोकहिताचा विचार व्हायला कोणाची आडकाठी होती? ज्युपिटर, अपोलो, एल्फिन्स्टन, कोहिनूर क्रमांक तीन, मुंबई टेक्स्टाइल अशा पाच गिरण्या एकामागोमाग गेल्या. कोहिनूरची जागा ४२१ कोटींना गेली, आणि घेणाऱ्यांत मराठी माणसाच्या नावाने राजकारण करणाऱ्या घरांतलीच मंडळी होती. हे लिहिताना हात जड होतो, पण लिहिलेच पाहिजे. मुंबई टेक्स्टाइलची सुमारे सतरा एकर जागा दिल्लीच्या एका बड्या कंपनीने ७०२ कोटींना घेतली आणि २०१२ मध्ये दुसऱ्या विकासकाला २,७२७ कोटींना विकली. सात वर्षांत जवळपास चौपट! या सात वर्षांत तिथे एक वार कापड निघाले नाही. हा फरकाचा पैसा कोणाच्या श्रमाचा? 'मुंबईचे शांघाय करू' ही त्या दिवसांतली घोषणा वाचकांना आठवत असेल. शांघाय झाले नाही. मुंबईची मुंबई मात्र राहिली नाही.

आता आमच्याही घरात डोकावू. १९९६ मध्ये राज्यात युतीचे शासन होते. त्या शासनाने विख्यात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. या गटाने महामंडळाच्या पंचवीस गिरण्यांचा एकत्रित विचार केला, आणि त्याचे मर्म 'एकत्रित' या शब्दात होते. एकेक गिरणी सुटी विकली तर हाती येतात फक्त भूखंड. सगळ्या एका नकाशावर मांडल्या तर हाती शहर येते. रस्ता कुठून न्यायचा, मैदान कुठे जोडायचे, कोणती जुनी वास्तू राखायची, हे तेव्हाच ठरवता येते. परळ आणि एल्फिन्स्टन रोड ही दोन स्थानके एकमेकांना खेटून असूनही अरुंद पुलांनी जोडलेली. त्यांच्यासमोर माणसांना मोकळेपणाने चालता येईल असा प्रशस्त चौक करावा, अशी कोरिया गटाची सूचना होती. तो अहवाल बासनात गेला. युती शासनानेही तो अमलात आणला नाही, हे मान्य केल्यावाचून काँग्रेसला दोष देण्याचा नैतिक अधिकार आम्हाला उरत नाही.

त्या बासनाची किंमत २९ सप्टेंबर २०१७ रोजी मोजली गेली. सकाळची कार्यालयाची वेळ, पावसाची सर, आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या त्याच अरुंद पुलावर चेंगराचेंगरी. तेवीस माणसे गेली. ती कोण होती? गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या कार्यालयांत, दुकानांत नोकरीला येणारी तुमच्या-आमच्यासारखी माणसे. पूर्वीचा कामगार चाळीतून पायी येत असे. नवा कामगार उपनगरातून लोंढ्याने येतो. जागेचा वापर बदलला, तिथे येणाऱ्यांची संख्या आणि वाट बदलली, पण पूल तोच राहिला. शेवटी नवा पूल बांधायला लष्कराला पाचारण करावे लागले आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. सीमेवर पूल बांधणाऱ्या जवानांनी परळला पूल बांधावा, यापरते नागरी प्रशासनाचे अपयश कोणते?

त्या अपघाताला तीन महिने पुरे होतात न होतात तोच, २९ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर, कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना आग लागली. चौदा जण मृत्युमुखी पडले. गिरणीच्या आवाराचे उपाहारगृहांच्या जत्रेत रूपांतर झाले होते, आणि आगीतून निसटण्याच्या वाटा मात्र कोणी मोजल्या नव्हत्या. संमिश्र वापर म्हणजे जिथे जागा मिळेल तिथे जे विकले जाईल ते घुसवणे, असा अर्थ केला की हे होते.

आणि गिरणी कामगार? त्याच्या घरांची पहिली सोडत निघाली ती २०१२ मध्ये, ६,९२५ घरांची. संपानंतर तीस वर्षांनी! अर्जदार कामगार व वारस पावणेदोन लाखांच्या आसपास. पुढे २०१६ आणि २०२० मध्ये सोडती झाल्या. तरी आजवर सोडतीत लागलेल्या घरांची एकूण संख्या अर्जांच्या दहाव्या हिश्श्यालाही पोचलेली नाही. उरलेल्यांना आता शेलू आणि वांगणी दाखवले जात आहे. ज्याच्या बापाने परळला तीस वर्षे साचा चालवला, त्याने बदलापूरच्या पलीकडे राहावे आणि परळच्या मनोऱ्यात सुरक्षारक्षकाचा गणवेश घालण्यासाठी पहाटेची गाडी पकडावी! ८ एकरांचे २ एकर झाले, त्याचा अर्थ हा आहे. घरे कुठे बांधणार? जमीनच वाटणीत आली नाही.

आम्हाला कोणी विचारील, 'मग काय, तोट्यातल्या गिरण्या चालवत बसायचे होते का?' नव्हते. जर्मनीतील एसेन शहराची झोलफेराइन ही कोळशाची खाण १९८६ मध्ये बंद पडली. तिथे आज संग्रहालय आहे, कलेची दालने आहेत, आणि २००१ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा ठरवले. जुन्याला जपून नवे उभारता येते, हे सांगायला खरे तर जर्मनीपर्यंत जाण्याचीही गरज नाही. दादरच्या इंदू मिलची बारा एकर जागा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकासाठी मिळाली, २०१५ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते तिचे भूमिपूजन झाले. गिरणीच्या जमिनीचे काय करायचे हे शासनाने मनात आणले तर ठरवता येते, याचा तो पुरावा आहे. अपवाद म्हणून जे जमले, ते नियम म्हणून का जमू नये?

हे सारे आता सांगण्याला कारण आहे. महामंडळाच्या टाटा, पोदार यांसारख्या उरल्यासुरल्या गिरण्यांची चाके २०२० च्या टाळेबंदीत थांबली आणि पुन्हा फिरली नाहीत. त्या जमिनींवर अनेकांचा डोळा आहे. त्याहून कितीतरी मोठी जमीन पूर्व किनाऱ्यावर आहे, ती मुंबई बंदराची. जो कापूस या गिरण्यांत येई आणि जे कापड इथून बाहेर जाई, त्याच्या गोदामांची ही जमीन. कॉटन ग्रीनचे नाव अजून त्याची साक्ष देते. राणी जाधव समितीने या जमिनीच्या वापराविषयी २०१४ मध्ये अहवाल दिला. त्यानंतर मरिना, क्रूझ टर्मिनल, मनोरंजन केंद्र असे शब्द अधूनमधून ऐकू येतात. दारूखान्याच्या वस्तीचे काय, शिवडीच्या गोदामांतल्या माथाड्यांचे काय, हे शब्द ऐकू येत नाहीत.

केंद्रात आणि राज्यात आज आपल्या विचारांचे सरकार आहे, म्हणून हा प्रश्न दबक्या आवाजात विचारायचा, ही आमची रीत नाही. म्हणूनच तो अधिक मोठ्याने विचारला पाहिजे. बंदराच्या जमिनीची पहिली निविदा निघण्यापूर्वी संपूर्ण किनाऱ्याचा एकच नकाशा मराठीत प्रसिद्ध व्हावा. त्यात मैदाने, घरे, रस्ते आणि स्थानकांचे पूल आधी आखलेले असावेत आणि विक्रीचे भूखंड नंतर. तिथे आज राबणाऱ्या व राहणाऱ्या कुटुंबांची यादी विक्रीपूर्वी तयार व्हावी, आणि तीत खानावळवाल्या बायांचीही नावे असावीत. आणि वाटणीच्या नियमात 'मोकळी', 'रिकामी', 'उपलब्ध' असे कोणतेही विशेषण येणार असेल, तर त्याची व्याख्या त्याच पानावर, त्याच टंकात छापावी. मुंबईच्या आमदारांपैकी हे विधिमंडळात कोण मागतो, तेवढे आम्हाला पाहायचे आहे.